अकरा महिन्यांचा कोंब

रणजित खोताची बोटं दुसऱ्यांदा तुटली तेव्हा सारिकाची बॅग भरून झाली होती. चार्जर आणि चष्म्याचं घर तेवढं राहिलं होतं.

गोठ्याकडून हाक आली, तीही फार मोठी नव्हती. म्हशीनं बादली लवंडली की तो जशी मारायचा तशीच. ती गेली तर नवरा कडबाकुट्टीच्या मशीनशेजारी पोत्यावर टेकून बसलेला. डावा हात छातीशी धरलेला, हाताला टॉवेल गुंडाळलेला आणि टॉवेल लाल होत चाललेला.

"गेली," तो म्हणाला. "दोन. करंगळी आन् शेजारची."

सारिकानं पहिल्यांदा काय केलं, तर घड्याळ बघितलं. दहा वाजून पाच मिनिटं. म्हणजे चारपर्यंत वेळ आहे. मग ती स्वतःवरच चिडली. माणसाचा हात तुटलाय आणि आपण घड्याळ बघतोय. पण गेल्या तीन वर्षांत तालुक्यातल्या सगळ्याच बायकांना ही सवय लागली होती. पूर्वी असं काही झालं की बायका टाहो फोडायच्या. आता आधी वेळ बघतात, टाहो नंतर.

या सहा तासांचं गणित थोडं सांगायला हवं.

आपलं शरीर भित्र्या घरमालकासारखं वागतं. कुठं तुटलं-फुटलं की आधी दार लावून घेतं. रक्त गोठतं, खपली धरते, खालून जाड चिवट व्रण तयार होतो आणि विषय संपतो. जंतू आत येत नाहीत हे खरं, पण गेलेलं बोटही परत येत नाही. ओढ्यातल्या दगडाखाली नखाएवढा एक चपटा किडा असतो, तो असं करत नाही. त्याचे चार तुकडे केले तर पंधरा दिवसांत चार किडे होतात. शेपटीकडच्या तुकड्यालासुद्धा डोकं फुटतं, डोळ्यांसकट. त्याच्या अंगात दर चार-पाच पेशींमागे एक पेशी कोरी असते, पडेल ते काम करायला तयार. समुद्रातला तारामासा शत्रूच्या तोंडात आपला एक हात सोडून देतो आणि सवडीनं नवा वाढवतो. समुद्रकाकडी नावाचा एक लिबलिबीत जीव आहे, तो तर जिवावर बेतलं की स्वतःची आतडीच बाहेर टाकतो. शत्रू त्यात गुंतला की हा हळूच सरकतो आणि काही आठवड्यांत नवी आतडी वाढवून पुन्हा पोटापाण्याला लागतो. ज्यांना पाठीचा कणा नाही, ज्यांच्यातल्या काहींना तर धड मेंदूही नाही, त्यांना हे जमतं आणि आपल्याला नाही, याचं शास्त्रज्ञांना फार दिवस वाईट वाटत होतं.

मग कोंबाचं औषध निघालं. या जिवांच्या जखमेत पहिल्या काही तासांत पेशीपेशींतून जे निरोप फिरतात ते कुणीतरी चिकाटीनं ओळखले आणि तसेच निरोप एका द्रवात उतरवले. तुटलेल्या जागेवर काचेसारखी टोपी बसवायची, त्यात तो द्रव. टोपीखाली व्रण धरत नाही, दार किलकिलं राहतं, आणि आतल्या पेशी आपलं वय विसरून पुन्हा कोऱ्या होतात. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा कोंब, मग हरभऱ्याएवढा, मग त्याला पेरं पडतात, शेवटी नख. अकरा महिन्यांत बोट तयार. अटी तीनच. टोपी सहा तासांच्या आत बसली पाहिजे. दुखणं मारायचं औषध अजिबात नाही, कारण शीर जागी असेल तरच कोंब वाढतो. आणि तिसरी अट: द्रव दर चार तासांनी बदलायचा, दिवसा आणि रात्री, अकरा महिने, आणि दर वेळी कोंबाची लांबी, रंग, उष्णता वहीत लिहायची. त्यासाठी घरातलंच, साठीच्या आतलं, लिहितावाचता येणारं माणूस लागतं. कागदावर त्याला 'सांभाळकर्ता' म्हणतात. तालुक्याच्या केंद्रात आजवर एकशे बारा कोंब लागले होते. त्यातल्या एकशे अकरांच्या सांभाळकर्त्या बायका होत्या. उरलेला एक केंद्राचाच शिपाई होता, बायकोच्या बोटासाठी बसलेला, आणि तोही साहेबांनी सांगितलं म्हणून.

शास्त्र एवढंच. आता माणसं.

तीन वर्षांपूर्वी रणजितच्या उजव्या हाताची चार बोटं गेली, ती ऐन हंगामात. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, कडबाकुट्टीच्या तोंडात सरकवायचं, की पलीकडून बारीक चारा पडतो. मशीनच्या तोंडाला लोखंडी झाकण येतं. पण ओलं वाडं झाकणात अडकतं, कामाला उशीर होतो, म्हणून वेदगंगेच्या काठची सगळी शहाणी माणसं पहिल्याच आठवड्यात ते झाकण काढतात आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावतात. खुराडी अगदी भक्कम. कुणाची कोंबडी मुंगसानं नेली असं ऐकू येत नाही.

त्या वेळी पात्यानं बोटं तिरकी, चिंधड्या करून नेली होती. केंद्र नुकतंच उघडलेलं. सारिकानं सही केली तेव्हा तिला वाटलं होतं, दवाखान्याच्या इतर सह्यांसारखीच ही एक.

अकरा महिन्यांचे चौदा झाले ते सासूबाईंच्या मायेमुळं. तिसऱ्या महिन्यात सारिका संक्रांतीला अर्धा दिवस माहेरी गेली. द्रव बदलायचं काम तिनं मुक्कामाला आलेल्या पुतण्याकडं दिलं, सासूबाई शेजारी बसल्या होत्या. टोपी निघाली आणि त्यांना लेकाची ओली, उघडी जखम दिसली. तीन महिने झाले तरी खपली नाही. आईच्या जिवाला ते सहन झालं नाही. पोराला पाणी आणायला पाठवून त्यांनी तुपात हळद कालवली आणि चारी कोंबांना मायेनं लिंपली. हळदीनं तिचं काम चोख केलं. दोन दिवसांत जखम छान सुकली आणि कोंब मेले. केंद्रात पुन्हा खरवडून पहिल्यापासून सुरुवात. सारिका सासूबाईंना एक शब्द बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

चौदा महिने ती त्याची बटणं लावत होती, दाढी करत होती, भाकरी कुस्करून घास भरवत होती. दर चार तासांनी गजर. गजर झाला की उठायचं, त्याचा हात मांडीवर घ्यायचा, टोपी काढायची, मोजायचं, लिहायचं, टोपी लावायची. पाऊण तास सहज जायचा. तेवढ्यात माणसं करणार काय, तर बोलणार. लग्नाला वीस वर्षं झाली होती. दूध, चारा, म्हशी आणि मुलीची फी याखेरीज ते फारसं काही बोलले नव्हते. आता तो बोलायला लागला. लहानपणी तालमीतून पळून जाऊन तो नदीच्या डोहावर बसायचा, वडलांनी बैल विकला तेव्हा आठवडाभर त्याच्या वाटेकडं बघत होता. सारिका ऐकायची. ऐकता ऐकता कोंबाकडं बघायची. आणि खरं सांगायचं तर, बैलापेक्षा तिचं लक्ष कोंबात जास्त असायचं.

कारण ते होतंच तसं. कालपर्यंत जिथं नुसता पांढरा गोळा होता तिथं आज रेघ उमटलेली असायची, उद्या तिचं पेर. हे कसं होतं, कोण सांगतं याला की इथं थांब, इथं वाक? केंद्राच्या डॉक्टर तबस्सुम मुजावर दर पंधरवड्याला वही तपासायच्या. पाचव्या-सहाव्या वेळी त्यांनी वही मिटलीच नाही. समासात सारिकानं कोंबाची चित्रं काढली होती आणि खाली प्रश्न लिहिले होते. बारावीनंतर पुस्तकाशी संबंध न आलेल्या बाईचे प्रश्न. डॉक्टरांनी तिला एक जुनं भिंग आणि दोन पुस्तकं दिली.

मग खिडकीत बरण्या आल्या. ओढ्यातले चपटे किडे, ब्लेडनं कापलेले, बरणीवर तारीख. सासूबाई देवाला म्हणायच्या की सुनेला बरं वाटू दे. एकदा तिनं नदीवरून खेकडा आणला. बादलीतून काढताना पायाला धरला, तर त्यानं तो पाय तिच्या चिमटीत ठेवला आणि आपण बादलीतल्या दगडाखाली गेला. तिनं ओढला नव्हता. त्यानं सोडला होता. पुस्तकात तिला उत्तर मिळालं: खेकड्याच्या पायात मुळाशी एक जागा आधीच तयार असते. तिथला स्नायू आवळला की पाय सरळ तुटतो, आतला पडदा लगेच मिटतो, रक्त वाया जात नाही. शत्रूच्या हाती पाय राहतो आणि खेकडा सुटतो. पुढं कात टाकताना नवा पाय, घडी करून ठेवलेल्या कापडासारखा, बाहेर येतो. तिनं तो तुटका पाय आठवडाभर मिठाच्या पाण्यात ठेवला होता. किती सरळ, स्वच्छ कड.

रणजितची बोटं आली तेव्हा गाव बघायला लोटलं. गुलाबी, केस नसलेली, तान्ह्या पोरासारखी मऊ बोटं. नारळ आले, बिस्किटांचे पुडे आले, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी चारी बोटांची वेगवेगळी दृष्ट काढली. रेशनच्या मशीननं मात्र नव्या बोटाला ओळख द्यायला नकार दिला. ठसे दुसरेच उमटले होते. बाळूअण्णा शेजारी म्हणाले, "रणजितराव, आता एकदा नाकबी कापून घ्या. नवं सरळ येईल." रणजित सगळ्यांत मोठ्यानं हसला.

त्यानंतर गावात दोन वर्षांत सहा जणांची बोटं गेली. सारिका घरोघर फिरली. झाकणं बसवा म्हणून सांगितलं, खुराड्याकडं बोट दाखवलं. लोक चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे. बाळूअण्णांचा थोरला म्हणाला, "काकू, तुमच्याकडंच बघून तर धीर आलाय." त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, गावाच्या डोक्यावर एक मोठी टोपी बसवून त्यात काहीतरी ओतावं. पण असा द्रव निघालेला नव्हता.

मुजावर मॅडमनीच तिला रत्नागिरीच्या कोर्सचं सांगितलं. समुद्रजीवांच्या प्रयोगशाळेत एक वर्ष राहून शिकायचं, मग कोंब-तंत्रज्ञ म्हणून केंद्रांवर काम. पंचवीस जागा. वयाची अट पंचेचाळीस. सारिकाला ऑगस्टमध्ये पंचेचाळीस पूर्ण होणार होती आणि तुकडी वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत. तिनं परीक्षा दिली, चपट्या किड्यांच्या चार वह्या दाखवल्या आणि एकविसावी आली.

रणजित "जा की" म्हणाला. डेअरीवर चार माणसांत अभिमानानं सांगितलंही. गेल्या आठ दिवसांत मात्र तो चहाची पूड कुठं असते, गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं, असलं काहीबाही विचारत होता. सोमवारी ती निघणार होती. आज शुक्रवार.

दुधाच्या कॅनांच्या टेम्पोत तिनं त्याला शेजारी बसवलं आणि स्वतः चालवायला घेतला. वाटेत तोच तिला धीर देत होता. फार दुखत नाही, मागच्यासारखं नाही, दोनच आहेत. सारिका हूं हूं करत होती. काहीतरी तिच्या कानाला खुपत होतं आणि ते काय हे सापडत नव्हतं. चौदा किलोमीटर ती ते शोधत राहिली.

केंद्रात जखम धुतल्यावर मुजावर मॅडम जरा खुशच झाल्या.

"मागच्या वेळी काय चिंधड्या होत्या," त्या म्हणाल्या. "हा कट बघा ताई, किती सरळ. अगदी सांध्यावर. कोंब झकास धरेल."

सारिकानं वाकून बघितलं. सरळ, स्वच्छ कड.

पण सोमवार कुठला ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले, एक अपघाताची माहिती, एक सांभाळकर्त्याची संमती. म्हणाल्या, टोपी तयार ठेवते. चारच्या आत सांगा. आणि दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.

खोलीत दोघंच. भिंतीवरचं घड्याळ साडेअकरा दाखवत होतं.

"मशीन सुरू नव्हतं," सारिका म्हणाली.

"आँ?"

"मी बॅग भरत होते. मशीन सुरू झालं की मांडणीवरची भांडी वाजतात. वीस वर्षं ऐकतेय. आज सकाळपासून एकदाबी वाजली नाहीत."

"लाईट जात-येत हुती मधी..."

"आणि टॉवेल धुतलेला होता. कपाटातला, वरच्या खणातला. गोठ्यात धुतलेला टॉवेल कधी नेलाय तुम्ही आजपर्यंत?"

रणजितनं उजव्या हातानं चादरीची एक सुरकुती सरळ केली. ती झाल्यावर दुसरी केली.

"चाक हातानं फिरवलं," तो शेवटी म्हणाला. "डावाच हात घेतला. त्यातली बी कमी लागणारी." काटकसर केली म्हणून कुणी शाबासकी देईल अशा आवाजात तो हे बोलला, आणि बोलल्यावर त्यालाच ते कसंसं झालं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

सारिकाला ओरडायचं होतं. तिच्याकडं ओरडायला पुष्कळ होतं. तिनं जगमधून पाणी ओतून घेतलं आणि अर्धं सांडलं.

"परत येणारच की ती," रणजित म्हणाला. "अकरा महिन्यांचा तर प्रश्न. एक वर्षच ना."

"आणि माझं?"

"तू पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी घेत नाहीत. तुम्हाला माहिताय."

"माहिताय," तो म्हणाला. मग खिडकीकडं बघत, तिच्याशी नव्हे असं, "जा म्हणालो तोंडानं. मनापासनं म्हणायला गेलो दोन-चारदा, जमंना. त्या वर्षात तू चार-चार तासाला यायचीस. पहाटं बी. हात मांडीवर घ्यायचीस. मला वाटलं, आता आपलं असंच. मग बोटं आली आन् तू जाऊन बरण्यांपाशी बसलीस."

तिच्या मनात आलं, मी तेव्हाही बरण्यांपाशीच होते हो. तुमचा हातच माझी पहिली बरणी. पण हे ती बोलली नाही. हे ऐकून माणसानं कुठं जायचं? त्या चौदा महिन्यांत एकाच मांडीवर दोन वेगळी कामं चालली होती. त्याला वाटलं बायको परत मिळाली, तिला वाटलं आपल्याला काहीतरी येतं. दोघांचंही खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग येत होता. तो नुसता दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं.

खेकडा पाय टाकतो तो आपण सुटावं म्हणून. यानं बोटं टाकली ती कुणी सुटू नये म्हणून. इतक्या पुस्तकांत ही जात तिला कुठं भेटली नव्हती.

"तू सही कर," रणजित म्हणाला. "मग काय बोलायचं ते बोल. वर्षभर बोल, मी ऐकतो."

एकाला त्यानं जेवायला नको म्हटलं. दीडला कण्हायला लागला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दुखणं मारायचं काही देता येत नव्हतं, कारण सही झाली तर शीर जागी हवी. सारिकानं त्याच्या कपाळाला ओला रुमाल ठेवला. पेन टेबलावर तसंच होतं. दर थोड्या वेळानं तो पेनाकडं बघायचा आणि मग तिच्याकडं. एकदा तिनं पेन उचललं. त्याचा चेहरा सैल पडला. तिनं अपघाताचा कागद ओढला आणि नाव, गाव, वेळ भरत गेली. 'कारण' या रकान्यापाशी थांबली. खरं लिहिलं असतं तर मुद्दाम तोडलेल्या बोटाला केंद्रानं कोंब नाकारलाच असता, तिच्यावर कसलाच बोल आला नसता, आणि गावात रणजित खोताला तोंड दाखवायला जागा उरली नसती. तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अपघात'. खाली सही केली. पेन ठेवलं.

दुसरा कागद कोराच.

दोन वाजता त्यानं उजव्या हातानं मोबाइल काढला आणि साताऱ्याला लेकीला फोन लावला. ओवी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्यानं आवाज मोठा ठेवला, म्हणजे सारिकाला ऐकू जावं. झालं ते सांगितलं, अर्थात टॉवेलशिवाय. म्हणाला, आईचं जायचं ठरलंय, मग कसं करावं. पोरगी घाबरली, रडली, मग नाक ओढून शहाण्या आवाजात म्हणाली, "पप्पा, मी येते. आईला जाऊ दे. एक वर्षच ना."

हे वाक्य आज दुसऱ्यांदा. सारिकाच्या डोक्यात एकदम एक लख्ख थंडपणा आला. वर्ष बाईचं असलं की ते 'एकच' असतं. एकशे अकरा वह्यांमध्ये एकशे अकरा वर्षं गेली होती आणि ती कुणी मोजली नव्हती; बोटं मात्र नीट मोजली जात होती, मिलिमीटरमध्ये, दर चार तासांनी.

तिनं हात पुढं करून फोन घेतला.

"परीक्षा कधी आहे तुझी?"

"एप्रिलमध्ये. पण आई..."

"मग अभ्यास कर. इथं कुणाची गरज नाही." आणि लेकीनं आणखी काही विचारायच्या आत तिनं फोन बंद करून उशीखाली ठेवला.

रणजित म्हणाला, "तिला का तोडलंस? ती येतीया म्हणाली की."

"ती काय ओढ्यातला किडा आहे? एक तुकडा साताऱ्याला, एक तुकडा तुमच्या उशाशी?"

तीन वाजले. साडेतीन वाजले. घड्याळाचा काटा इतका सावकाश चालतो हे सारिकाला नव्यानं कळलं. चौदा महिन्यांत तो कधी असा चालला नव्हता. तीनदा तिचा हात पेनाकडं गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाई वीस वर्षं सही करत आलेली असते. शाळेच्या कागदावर, डेअरीच्या कागदावर, नवऱ्याच्या दवाखान्याच्या कागदावर. हात आपोआप जातो. हाताला कोण सांगणार की इथं थांब?

तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यावर बसली, लहान मुली बसतात तशी.

पावणेचारला मुजावर मॅडम टोपीचा ट्रे घेऊन आत आल्या. दोन टोप्या, करंगळीच्या आणि शेजारच्या मापाच्या, दिव्याखाली चकाकत होत्या. त्यांनी अपघाताचा कागद वाचला. 'कारण' वाचताना त्यांची नजर जरा रेंगाळली, मग सरळ कटाकडं गेली, मग सारिकाकडं. हुशार बाई. काही विचारलं नाही.

"ताई, दुसऱ्यावर सही?"

"सांभाळकर्ता कुणी नाही," सारिका म्हणाली. "टाके घाला, मॅडम."

रणजित उठून बसला. हा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. सहा तास तो वाट बघत होता ती फक्त तिचा राग उतरायची.

"कायमची जातील," तो म्हणाला.

"हो."

"सारिका, कायमची."

"तुम्हीच निवडलीत ती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा खूपच हळू निघाला. "त्यांच्यावाचून चालेल असं तुम्हीच ठरवलंत. माझं वर्ष निवडायला मी आहे ना."

मॅडमनी ट्रे बाजूला सरकवला आणि ड्रॉवरमधून टाक्यांचा डबा काढला. आता इंजेक्शन देता येईल, दुखायचं थांबेल, असं त्या रणजितला समजावत होत्या, आणि तो लहान मुलासारखी मान हलवत होता. डोळ्यांत पाणी होतं, ते दुखण्याचं की कशाचं हे त्यालाही सांगता आलं नसतं. सारिका त्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. त्याचा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला. मऊ, केस नसलेली चार बोटं. त्यानं ती घट्ट आवळली. तिनं आवळू दिली.

सुई आत-बाहेर करत राहिली. घड्याळात चार वाजून गेले तेव्हा कुणीच वर बघितलं नाही.

"सोमवारची गाडी कितीची?" रणजितनं विचारलं. इंजेक्शननं त्याची जीभ थोडी जड झाली होती.

"साडेसहाची."

"स्टँडवर सोडाय येऊ?"

माफ केलंय असं त्याला वाटायला नको होतं, कारण तिनं केलेलं नव्हतं. किती दिवसांनी होईल, होईल की नाही, याचं माप तिच्या कुठल्याच वहीत नव्हतं.

"या," ती म्हणाली. मग पुढं वाकली, त्याच्या हातावरून, मॅडमच्या खांद्यावरून, डोळे बारीक करून. "मॅडम, करंगळीच्या कडेला बघा. अजून एक टाका लागेल."

मॅडमनी दिवा खाली ओढला. लागणार होता.